अडनिड्या वयातलं पिल्लू आणि मोठ्यांचा अधिकार

दोन महिन्यांचं पिल्लू घरात येतं तेव्हा सगळं घर त्याच्याभोवती गोळा होतं. तेच पिल्लू सात-आठ महिन्यांचं झालं की तक्रारींचा पाढा सुरू होतो. हाक मारली की वळून बघतं आणि उलट्या दिशेला पळतं, शिकवलेलं ‘बस’ विसरल्यासारखं वागतं, चपला आणि सोफ्याचे कोपरे कुरतडतं, फिरायला नेलं की पट्टा ओढून ओढून हात भरून आणतं. कुत्र्याचं हे अडनिडं वय साधारण सहाव्या महिन्यात सुरू होतं आणि जातीनुसार दीड-दोन वर्षांपर्यंत चालतं. या काळात त्याला कसं वागवावं याबद्दल बहुतेक घरांत दोन तट पडतात, आणि हेच दोन तट वयात आलेल्या मुलांबद्दल बोलतानाही पडलेले दिसतात. म्हणून हा वाद नीट मांडण्यासारखा आहे. आपल्याकडच्या जुन्या वादपद्धतीत समोरच्याचं म्हणणं आधी पूर्ण ताकदीनिशी मांडायचं आणि मगच उत्तर द्यायचं असा दंडक आहे. तो इथे पाळला आहे. पूर्वपक्ष धाकाचा पुरस्कर्ता आहे, उत्तरपक्ष माझा. माझं म्हणणं थोडक्यात असं: अडनिड्या वयातलं पिल्लू मोठ्या माणसाच्या अधिकाराची परीक्षा घेतं, आणि काही काळ न जुमानलं गेलं तरी ज्याचं वागणं ढळत नाही त्याचाच अधिकार या परीक्षेत टिकतो.

पूर्वपक्ष: तुम्ही साधी गोष्ट उगाच अवघड करताय. पिल्लू शेफारलं की त्याला ताळ्यावर आणायचं, एवढाच प्रश्न आहे. पाचव्या महिन्यात ‘बस’ म्हटल्यावर झटकन बसणारं पिल्लू आठव्या महिन्यात बसत नाही, याचा अर्थ त्याची अक्कल कमी झाली असा होत नाही. त्याला कळतं, पण वळत नाही. आणि कळून वळत नसेल तर धाक लावावा लागतो. दोन दिवस आवाज चढवला, प्रसंगी एक ठेवून दिली, की तिसऱ्या दिवशी बरोबर आठवतं. आजकाल लोक पिल्लाशी लहान बाळासारखं बोलतात, त्याचे वाढदिवस करतात आणि मग ते डोक्यावर बसलं म्हणून रडतात. दोष लाडांचा आहे, वयाचा नाही.

उत्तरपक्ष: ‘कळतं, पण वळत नाही’ हे तुमचं निरीक्षण खरं आहे. मात्र त्याचं कारण लाडांत शोधायचं तर एक पुरावा आड येतो. ल्युसी ॲशर आणि त्यांच्या ब्रिटनमधल्या सहकाऱ्यांनी २०२० साली ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर आणि त्यांच्या संकरातल्या ६९ पिल्लांना त्यांनी पाचव्या आणि आठव्या महिन्यात ‘बस’ ही एकच आज्ञा देऊन पाहिली. एकदा सांभाळणाऱ्या माणसाने आज्ञा दिली, एकदा परक्याने. आठव्या महिन्यात पिल्लं सांभाळणाऱ्याचं ऐकायला जास्त वेळ घेत होती आणि पुन्हा पुन्हा टाळत होती, पण परक्याच्या आज्ञेला त्यांचा प्रतिसाद उलट सुधारला होता. २८५ कुत्र्यांबद्दल प्रश्नावल्या भरून घेतल्या तेव्हाही हेच दिसलं. सांभाळणाऱ्यांच्या मते या वयात शिकण्याची तयारी घटली होती, तर ज्यांची फारशी ओळख नव्हती अशा प्रशिक्षकांच्या मते ती वाढली होती. लाडांनी पिल्लू एकूणच बिघडलं असतं, तर ते परक्यापुढेही बिघडलेलं दिसायला हवं होतं. ते फक्त आपल्या माणसापुढे आडमुठं होतं. याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली. ज्या पिल्लांमध्ये असुरक्षितपणाची लक्षणं जास्त होती, म्हणजे जी सतत लक्ष वेधून घेत आणि एकटी राहिली की कासावीस होत, त्यांच्यात हा आज्ञाभंग अधिक ठळक होता. ज्याच्यावर आपण विसंबून आहोत तो आपल्याला धरून आहे का, हे पिल्लू पडताळून पाहतं, असा याचा अर्थ मी लावतो.

पूर्वपक्ष: पहिली गोष्ट, ही पिल्लं दोन-तीन विलायती जातींची. आपल्या गावठी कुत्र्याला किंवा लातूर-सोलापूरकडच्या कारवानला हेच गणित लागू पडेल कशावरून? दुसरी गोष्ट, तुमचा पुरावा माझ्याच बाजूने बोलतो. पिल्लू जर मुद्दाम आपल्याच माणसाला आजमावत असेल, तर त्या माणसाने आपण कोण आहोत हे दाखवून द्यायला नको का? कुत्रा हा लांडग्याचा वंशज. कळपात एक म्होरक्या असतो आणि त्याला आव्हान मिळालं की तो दात दाखवतो. लांडग्याचं राहू द्या, गल्लीतली कुत्रीसुद्धा मोठ्या झालेल्या पिल्लाला गुरगुरून अंगावरून उठवते. निसर्गच धाक शिकवतो.

उत्तरपक्ष: जातींचा आक्षेप मला मान्य आहे. नेमका आठवा महिना सगळ्या कुत्र्यांना लागू होईल असं मी म्हणणार नाही. लहान चणीची जात लवकर वयात येते, मोठी उशिरा. पण माझा मुद्दा महिन्यावर उभा नाही, तो या काळातल्या ओढाताणीच्या दिशेवर उभा आहे. लांडग्याच्या म्होरक्याची कथा मात्र मुळातच डळमळीत आहे. ती रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडली ती बासेलच्या प्राणिसंग्रहालयातल्या, एका कुंपणात कोंडलेल्या लांडग्यांकडे पाहून. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या ‘द वुल्फ’ या पुस्तकातून ती कल्पना जगभर पोहोचली. पुढे त्याच मेक यांनी कॅनडाच्या उत्तर टोकाजवळच्या एल्समीअर बेटावर अनेक उन्हाळे रानातल्या लांडग्यांचं निरीक्षण केलं आणि १९९९ साली लिहिलं की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंब असतं. आई-बाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पिल्लं. तिथे म्होरक्या होण्यासाठी झुंज जिंकावी लागत नाही, पिल्लं झाली की तो मान आपसूक येतो. आपलं जुनं पुस्तक छापणं थांबवावं म्हणून मेक यांनी स्वतः प्रकाशकाकडे वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. गल्लीतल्या कुत्रीचं उदाहरण तुम्ही चांगलं दिलंत. आयसर कोलकाता या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे आणि पिल्लं वाढतात तसा आई-पिल्लांमधला अन्नावरून होणारा संघर्ष वाढतो हे त्यांनी नोंदलं आहे. पण ती कुत्री कशी गुरगुरते ते पाहा. पिल्लू दुधाला झोंबलं त्या क्षणी, तेवढ्याच गोष्टीसाठी. क्षणभराने तेच पिल्लू तिच्या शेजारी पडून असतं. ती कालचा राग आज काढत नाही. माणसाचा धाक असा नेमका नसतो. ऑफिसातला दिवस, शेजाऱ्याची तक्रार आणि फाटलेली उशी, सगळं एकाच फटक्यात उतरतं.

मैदानावर रोज संध्याकाळी घडणारा एक प्रकार जवळून पाहिला तर धाक कुठे चुकतो ते कळतं. मालक ‘ये’ म्हणून हाक मारतो. पिल्लाचे कान उभे राहतात, म्हणजे हाक पोहोचली. मग ते मान फिरवतं, खांबाचा वास घेतं, दुसऱ्या कुत्र्याकडे चार पावलं टाकतं. हाका वाढत जातात, आवाज चढत जातो. पाच मिनिटांनी पिल्लू शेपूट खाली घालून एकदाचं मालकापाशी येतं आणि त्याला फटका बसतो. मालकाच्या मते ती शिक्षा पाच मिनिटांपूर्वीच्या पळण्याची. पिल्लाच्या लेखी ती आत्ताच्या येण्याची, कारण फटक्याआधी त्याने शेवटची गोष्ट केली ती मालकाजवळ येण्याची. दुसऱ्या दिवशी ते आणखी दूर थांबतं, हात पुढे आला की अंग चोरतं, आणि मालक म्हणतो की ते कोडगं झालंय. इथे पिल्लाने आज्ञा मोडली हे खरं, पण शिकवताना चूक झाली ती मोठ्याची. जाणकार अशा वेळी पिल्लाला दहा-पंधरा मीटरची लांब दोरी बांधून त्याला मोकळं वाटू देतात, एकदाच हाक मारतात, आलं नाही तर आरडाओरडा न करता दोरी हळूहळू गोळा करत त्याला जवळ आणतात आणि पोहोचल्यावर कौतुक करतात. मोकळीक दोरीइतकीच, आणि येणं कधीही महागात पडत नाही. यात बंधन आहे, ते ठामही आहे, फक्त त्यात राग नाही.

पूर्वपक्ष: म्हणजे न ऐकणाऱ्याला बक्षीस! याला शिकवणं म्हणत नाहीत, लाच म्हणतात. खिशात खाऊ असेपर्यंतच असा कुत्रा तुमचा. शिवाय अनुभवाला काही किंमत आहे की नाही? पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी कुत्रे धाकातच वाढवले आणि ते कुत्रे वर्षा-दीड वर्षात सुतासारखे सरळ झाले. पोलिसांचे कुत्रेही कडक शिस्तीतूनच घडले. हे सगळे लोक मूर्ख होते का?

उत्तरपक्ष: मूर्ख नव्हते, पण त्यांच्या अनुभवातून जो निष्कर्ष त्यांनी काढला तो तपासून घ्यायला हवा. ॲशर यांच्याच अभ्यासात पिल्लं बारा महिन्यांची झाली तेव्हा सांभाळणाऱ्यांनी त्यांना पुन्हा चांगले गुण दिले. म्हणजे हे वादळ बहुतेक वेळा आपोआप ओसरतं. ज्याने नवव्या महिन्यात मारलं तो म्हणतो माराने सुधारला, ज्याने नसबंदी केली तो म्हणतो नसबंदीने शांत झाला, ज्याने खाऊ दिला तो म्हणतो खाऊने. वाढत्या वयाचं श्रेय प्रत्येक जण आपापल्या उपायाला देतो. हा युक्तिवाद माझ्या पद्धतीलाही लागू आहे हे मी आधीच मान्य करतो. म्हणूनच ‘शेवटी सुधारला का’ या कसोटीवर कुठल्याच पद्धतीचा निवाडा होत नाही. निवाडा करायचा तो वादळ ओसरल्यावर मागे काय उरतं यावर. पोर्तुगालमधल्या पोर्तो इथल्या संशोधकांनी २०२० साली ‘प्लॉस वन’मध्ये ९२ पाळीव कुत्र्यांचा अभ्यास मांडला. काही कुत्री बक्षिसाच्या वर्गात शिकत होती, काही पट्ट्याचे झटके आणि दरडावणी वापरणाऱ्या वर्गांत. धाकाच्या वर्गांतल्या कुत्र्यांत ताणाची लक्षणं जास्त दिसली आणि शिकवणीनंतर त्यांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं आढळलं. वर्गाबाहेर घेतलेली चाचणी तर फार बोलकी होती. एका बाजूच्या वाडग्यात खाऊ असतो आणि दुसऱ्या बाजूच्या वाडग्यात नसतो, हे कुत्र्याला आधी शिकवलं. मग वाडगा मधोमध ठेवला. त्यात खाऊ असेल या आशेने धावत जायचं की नसेलच असं धरून रेंगाळायचं? सर्वांत जास्त धाकात शिकणारी कुत्री रेंगाळली. आज्ञा दोघांनाही येत असेल, पण एकाने शिकता शिकता जगाकडून वाईटच अपेक्षा करायची सवय लावून घेतली. हीच धाकाची खरी किंमत आहे आणि ती आज्ञापालनाच्या हिशेबात दिसत नाही.

पोलिसांच्या कुत्र्यांचं म्हणाल, तर विसाव्या शतकातल्या कडक शिकवणीचा मोठा भाग जर्मनीतल्या पोलिसी आणि लष्करी परंपरेतून आला. कोनराड मोस्ट यांचं १९१० चं पुस्तक त्यातलं महत्त्वाचं. त्या वेळी कुत्र्याच्या शिकण्याबद्दल जे ठाऊक होतं त्यावर ती पद्धत उभी होती. ज्ञान पुढे गेलं तसा सल्लाही बदलला. अमेरिकेतल्या प्राणी-वर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ साली सगळ्या कुत्र्यांसाठी बक्षिसावर आधारित शिकवणीचीच शिफारस केली, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा. आता लाचेचा आरोप. काम होण्याआधी दाखवतात ती लाच, झाल्यावर देतात तो मोबदला, आणि सवय पक्की झाली की मोबदला मध्येमध्येच द्यायचा असतो. १९५७ साली फर्स्टर आणि स्किनर यांनी प्रयोगांतून दाखवलं की अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाने लागलेली सवय सर्वांत चिवट असते. हा नियम आपल्या विरुद्धही तितकाच चालतो. जेवणाच्या टेबलापाशी पिल्लू भुंकतं. घरातले पाच दिवस लक्ष देत नाहीत, पिल्लू आणखी जोरात भुंकतं, आणि सहाव्या दिवशी आजीला दया येऊन ती चतकोर पोळी टाकते. त्या चतकोरात पिल्लू शिकतं की पुरेसं भुंकलं तर मिळतं. म्हणजे तुमच्या-माझ्या पद्धतीपेक्षाही घात करतं ते घरातल्या माणसांचं एकमत नसणं. शिस्त हवी यावर आपलं दुमत नाहीच. ती आधी मोठ्यांनी स्वतःला लावून घ्यावी लागते, आणि फटका मारण्यापेक्षा ते जास्त कठीण आहे.

पूर्वपक्ष: धरून चालू की तुमची पद्धत चांगली. पण यातून जगण्याचे धडे कसले काढता? कुत्रा म्हणजे मूल नव्हे. वयात आलेल्या मुलीला किंवा मुलाला पिल्लाच्या पंक्तीला बसवणं हा त्यांचा अपमान आहे. आणि ज्या देशात अजूनही माणसं रेबीजने मरतात आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातो, तिथे पाळलेल्या पिल्लाच्या अडनिड्या वयाची एवढी चिंता ही चैन नाही का?

उत्तरपक्ष: मूल आणि पिल्लू यांतला फरक मी पुसत नाही. मुलाला कारण सांगता येतं, ते उलट प्रश्न विचारू शकतं, आपली चूक आपल्या तोंडावर दाखवू शकतं, आणि एक दिवस स्वतःचं घर मांडतं. पिल्लाला यातलं काहीच जमत नाही, ते आयुष्यभर आपल्यावरच अवलंबून असतं. म्हणून मी मुलांबद्दलचा कोणताही नियम पिल्लावरून काढत नाही. धडा आहे तो मोठ्यासाठी. मुलाशी भांडताना मोठा माणूस शब्दांच्या आड लपू शकतो: मी तुझ्या भल्यासाठीच म्हणतोय, मोठा झालास की कळेल. पिल्लापुढे शब्दांचा उपयोग नसतो. तिथे फक्त आपलं वागणं उरतं: आवाजाची पट्टी, हाताची हालचाल, काल आणि आज यांतला सारखेपणा. रागाला धोरणाचं नाव देण्याची सोय तिथे नाही. ज्याने हे वर्षभर निभावलं त्याने आपल्या अधिकाराची पारख करून घेतलेली असते. फळ दिसत नसताना काम करत राहणं आणि अवज्ञेला अपमान न मानणं, या दोन गोष्टी त्याला अंगवळणी पडलेल्या असतात. पेरल्यावर रोज माती उकरून कोंब आला का पाहणाऱ्याच्या शेतात पीक येत नाही. आठव्या महिन्यातलं पिल्लू नेमकं तेच उकरणं थांबवायला लावतं.

चैनीचा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, आणि माझ्या मते तो उलटा लागू होतो. कुत्रा घराबाहेर काढला जाण्याचं वय बहुधा हेच असतं. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या १२ निवारा केंद्रांत सोडून दिलेल्या जनावरांचा अभ्यास झाला, तेव्हा त्यातली जवळजवळ निम्मी कुत्री पाच महिने ते तीन वर्षं या वयाची होती. आपल्याकडे निवारे कमी, म्हणून असं कुत्रं गाडीतून दूरच्या रस्त्यावर सोडलं जातं. तिथे काय होतं? आयसर कोलकात्याच्या २०१६ च्या अभ्यासात ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं गेलं. वयात येईपर्यंत त्यातली फक्त सुमारे १९ टक्के जगली, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांत माणसाचा हात होता. रस्त्यावर जन्मलेल्या, रस्ता जाणणाऱ्या पिल्लांची ही गत, मग गादीवर वाढलेल्याचं काय होत असेल? जनावर अशा रीतीने सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, पण त्या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. कायद्याचा धाक एवढाच असल्यामुळे खरा भार घरातल्या मोठ्या माणसाच्या निर्धारावर पडतो. शिवाय चावण्याचा प्रश्न याच वयात घडतो किंवा टळतो. मार खाल्लेलं, हात पुढे आला की दचकणारं कुत्रं पुढे एखाद्या लहान मुलाला चावण्याचा धोका वाढतो. ज्याला रस्ते सुरक्षित हवेत त्याला घरातलं हे एक वर्ष क्षुल्लक मानता येणार नाही.

पूर्वपक्ष: एवढं मी मान्य करतो की मारून झटपट काही साधत नाही. पण बंधन सैल सोडायला मी तयार नाही.

उत्तरपक्ष: ते मीही सोडत नाही, आणि तुमच्या बाजूतला हा भाग मला टिकवायचाच आहे. लांब दोरी हे बंधनच आहे, रोजची ठरलेली वेळ हे बंधन आहे, जेवताना भुंकण्याला दाद न देणं हेही बंधन आहे. आपल्यात फरक उरतो तो बंधन मोडलं गेल्यावरच्या क्षणाचा. तुमच्या मते तो अधिकार गमावल्याचा क्षण आहे, म्हणून तुम्हाला तो तिथल्या तिथे परत जिंकायचा असतो. माझ्या मते त्या क्षणी हरण्या-जिंकण्यासारखं काही नसतंच. पिल्लू विचारतं, ‘तू कालच्यासारखाच आहेस का?’ आणि त्याला ‘हो’ असं उत्तर हवं असतं. म्हणून पिल्लू आणण्याचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने पहिल्या दोन महिन्यांचा गोडवा हिशेबात धरू नये. सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंतचा काळ धरावा, आणि घरातल्या सगळ्यांनी एका नियमावर राहण्याची तयारी आहे का ते आधी एकमेकांना विचारावं. तयारी नसेल तर पिल्लू आणू नये, हेच त्याच्यावरचं प्रेम आहे. तयारी असेल तर त्या काळातला प्रत्येक आज्ञाभंग मोठ्यांना धीर शिकण्याची संधी देईल, आणि पिल्लू मोठं झाल्यावरही तो धीर घरातल्या माणसांशी वागताना कामी येत राहील.